भिंतीचा घाम आणि पोराचा खोकला

आषाढ लागला की आमच्या कर्जत भागातल्या दवाखान्यांतून एकच आवाज ऐकू येतो, तो खोकल्याचा. भाताची लावणी चालू असते. बाया चिखलाच्या पायांनीच पोर कडेवर घेऊन येतात. पोराची छाती वाजत असते, रात्रभर कोणाला झोप नसते. आम्ही डॉक्टर मंडळी छातीला नळी लावतो, औषध लिहून देतो, पोर घरी जाते. आठ दिवसांनी तेच पोर आणि तोच खोकला परत येतो. मधल्या आठ रात्री ते पोर कोणत्या भिंतीशी झोपले होते, हे आम्ही क्वचितच विचारतो. मीही पुष्कळ वर्षे विचारले नाही.

मला ते विचारायला एका आजीने शिकवले. कर्जत-खालापूर भागात ठाकुरवाडी नावाच्या वस्त्या एकाहून अधिक आहेत. त्यांतल्या एका वाडीतली ही आजी. नातू सहा वर्षांचा. जूनपासून श्रावणापर्यंत त्याला पाच वेळा वाफेचे औषध द्यावे लागले होते. पाचव्या वेळी आजी खुर्चीवरून उठेचना. म्हणाली, "डाक्टर, तू औषध देतोस, पोर बरं होतं. घरी नेलं की परत खोकतं. मग रोग पोरात हाय का घरात?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. पुढच्या रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा मी वाडीवर गेलो.

घर कसे होते

घर नवे होते. सरकारी घरकुलाचे, दोन खोल्यांचे, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. मुलाचा बाप एका फार्महाऊसवर कामाला. त्याने उसनवारी करून आदल्या दिवाळीत आतून चकचकीत ऑइलपेंट लावून घेतला होता. आता त्या रंगाला जागोजागी फुगे आले होते, खाली पोपडे पडले होते. लोखंडी कपाट भिंतीला टेकलेले. ते जरा पुढे ओढले तर मागची भिंत काळ्या-हिरव्या बुरशीने भरलेली. घरात दोन दोऱ्या बांधून सहा माणसांचे कपडे वाळत घातलेले. मुलाचे अंथरूण त्याच कपाटाच्या बाजूला, जमिनीवर. आणि दोन्ही खिडक्या घट्ट बंद, फटीत चिंध्या कोंबलेल्या.

मी विचारले, "आजी, खिडक्या कशाला बंद केल्या?"

"तूच सांगितलंस ना, पोराला वारा लागू देऊ नको म्हणून!"

खरे होते. मीच सांगितले होते. त्या घरालाच नव्हे, गेल्या पंचवीस वर्षांत शेकडो घरांना सांगितले असेल. गार वारा, ओला वारा छातीला वाईट, असे आपण सगळेच म्हणतो. दमेकऱ्याला झोंबरा वारा अंगावर घेतल्याने त्रास होतो, हे खोटे नाही. पण वारा अंगावर येऊ न देणे वेगळे आणि घरातली हवा कोंडून ठेवणे वेगळे. हा फरक मी कधी समजावून दिला नव्हता. आजचा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहे.

जुन्या घराला ओल का येत नसे?

आजीचे म्हणणे होते की कुडाच्या घरात पोरे इतकी खोकत नव्हती. याचा विचार केला पाहिजे. जुने घर म्हणजे कारवीचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप, वर कौले. ती भिंत ओल शोषून घेई आणि हवा कोरडी झाली की सोडून देई. कौलांच्या फटींतून आणि भिंत व छप्पर यांमधल्या मोकळ्या जागेतून दमट हवा बाहेर जाई. शिवाय दिवसभर चूल धगधगत असे, त्या उबेने घर आतून सुके.

म्हणून जुने घर चांगले आणि नवे वाईट, असा अर्थ कोणी काढू नये. त्या चुलीच्या धुराने किती बायकांची फुप्फुसे निकामी झाली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. बिडी न ओढताही पन्नाशीत धापा टाकणाऱ्या बाया आमच्या भागात कमी नाहीत. नवे पक्के घर हवेच. पण कुडाच्या घराला आपोआप मिळणारी हवा पक्क्या घराला मिळत नाही, ती आपल्याला मुद्दाम द्यावी लागते. घर बदलले, पण घरात राहण्याची रीत कोणी सांगितली नाही.

भिंतीला घाम कुठून येतो?

तांब्यात गार पाणी भरून ठेवले की तांब्याला बाहेरून थेंब येतात. ते पाणी तांब्यातून पाझरलेले नसते, हवेतले असते. उबदार हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. ३० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम. वाफेने भरलेली हवा गार भिंतीला टेकली की जास्तीची वाफ पाणी होऊन भिंतीवर बसते. हाच भिंतीचा घाम.

आता ही वाफ घरात किती तयार होते पाहा. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. सहा माणसांचे झाले दीड लिटर. हाताने पिळलेल्या घरभराच्या कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असते, ते खोलीत वाळले म्हणजे खोलीच्या हवेतच गेले. भात, डाळ, आंघोळीचे पाणी यांची वाफ वेगळी. आणि बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणजे गॅस जळतानाही पाणी तयार होते. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते. सगळे मिळून दिवसाला अर्धी कळशी पाणी आपण न सांडता घरात ओततो. खिडक्या बंद असतील तर ते जाणार कुठे?

पत्र्याच्या घरात हा प्रकार हिवाळ्यात दिसतो. डोंगराकडच्या वाड्यांत पौषातल्या रात्री पत्रा इतका थंड होतो की माणसांच्या श्वासातली वाफ त्याला खालून धरते आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडतात. लोक म्हणतात पत्रा गळतो. पण पाऊस नसताना गळणारा पत्रा फुटका नसतो, त्याला घाम आलेला असतो.

ओल तीन प्रकारची

प्रत्येक ओल घामाचीच असते असे नाही. तापाचे कारण पाहिल्याशिवाय औषध देऊ नये, तसेच ओलीचे मूळ पाहिल्याशिवाय भिंतीवर पैसा घालू नये.

पहिली ओल बाहेरून येणारी. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरपा येतो. त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला झड बसते. गिलाव्याच्या भेगांतून, खिडकीच्या कडेने, स्लॅबवर तुंबलेल्या पाण्यातून पाणी आत झिरपते. जोराच्या पावसानंतर डाग वाढतो, उघडीप मिळाली की फिका होतो. ही तिची खूण.

दुसरी ओल जमिनीतून चढणारी. ती खालून दोन-तीन फुटांपर्यंत येते, वरच्या बाजूला पाण्याची रेघ दिसते आणि भिंतीला पांढरा लोणा फुटतो. जोत्याला टेकून माती साचली असेल, घराच्या मागे शेताचे पाणी तुंबत असेल, मोरीचे पाणी पायाशी मुरत असेल तर ही ओल येते. पाऊस संपल्यावरही ती पुष्कळ दिवस टिकते.

तिसरी ओल घामाची. ती कोपऱ्यात, कपाटामागे, स्लॅबच्या कडेला, खिडकीच्या काचेवर दिसते. हिच्यावर लोणा नसतो, काळ्या ठिपक्यांची बुरशी असते. पाऊस थांबला तरी घर बंद असेल तर ती जात नाही.

ओळखू येत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. पोळ्या गुंडाळायचा चांदीसारखा कागद येतो, त्याचा वीतभर तुकडा घ्यावा. भिंत फडक्याने पुसून कोरडी करावी आणि तो तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. दोन दिवसांनी पाहावे. कागदाच्या वरच्या अंगाला थेंब असतील तर पाणी खोलीतल्या हवेचे. काढल्यावर मागच्या अंगाला ओल असेल तर पाणी भिंतीतून येत आहे. दोन्हीकडे असेल तर दोन्ही रोग आहेत.

आजीच्या घरी आम्ही असे दोन तुकडे लावले. कपाटाजवळच्या कोपऱ्यात वरून थेंब आले, पश्चिमेच्या भिंतीला खालच्या बाजूस कागद मागून ओला निघाला. म्हणजे एका घरात दोन वेगळ्या ओली आणि दोहोंवर इलाज केला होता एकच, ऑइलपेंटचा. तो रंग भिंतीतली ओल आत कोंडतो आणि मग फुगून पडतो. पैसे गेले, ओल तिथेच राहिली.

याचा छातीशी संबंध काय?

ओल्या भिंतीवर बुरशी वाढते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत उडतात. दमट गाद्यांत आणि गोधड्यांत धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. ज्यांची श्वासनळी नाजूक आहे त्यांना या दोहोंमुळे शिंका, नाक गळणे, रात्रीचा कोरडा खोकला आणि दम्याचा झटका येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास जास्त होतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

हे गरीब देशांचेच दुखणे आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे मूल दगावले. ते भाड्याच्या सार्वजनिक घरात राहत होते आणि त्या घराला बुरशी लागली होती. बापाने वारंवार तक्रार केली होती, पण दोष घराचा नसून तुमच्या राहण्याचा, असे त्या कुटुंबाला ऐकावे लागले. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी झाली तेव्हा दीर्घकाळ बुरशीत राहिल्याने मूल गेले, असा निर्णय आला. पुढे २०२३ मध्ये तिथे त्या मुलाच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली. घरमालकाने ठरावीक मुदतीत ओलीची दखल घेतलीच पाहिजे, असे तीत म्हटले आहे. बुरशीच्या प्रत्येक घरात असे होते असे नाही, कोणी घाबरू नये. पण भिंतीचा काळा डाग ही नुसती शोभेची बाब नाही, एवढे त्यातून घ्यावे.

काय करावे?

१. स्वयंपाक करताना चुलीजवळची खिडकी उघडी ठेवावी आणि स्वयंपाक झाल्यावरही पंधरा-वीस मिनिटे उघडीच असू द्यावी. भांड्यावर झाकण ठेवावे. गॅस संपला म्हणून चूल पेटवायची झाली तर ती पडवीत पेटवावी.

२. कपडे झोपण्याच्या खोलीत वाळत घालू नयेत. पडवीत किंवा ओट्यावर ताडपत्री बांधून दोरी लावावी. जागाच नसेल तर एका खोलीत घालून तिचे मधले दार लावावे, खिडकी उघडावी.

३. बाहेर हवाच दमट, मग खिडकी उघडून काय उपयोग, असे पुष्कळजण विचारतात. बाहेरची हवा दमट असते हे खरे, पण सहा माणसे, गॅस आणि ओले कपडे असलेल्या बंद खोलीतली हवा तिच्याहून दमट असते. झड येत असेल तेव्हा वाऱ्याकडची खिडकी लावावी, उलट बाजूची उघडी ठेवावी. उघडीप मिळाली की दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. खिडकीला डासांची जाळी बसवावी. रात्रीही समोरासमोरच्या दोन झडपा बोटभर उघड्या असू द्याव्यात आणि मुलाचे अंथरूण त्या वाऱ्याच्या वाटेत नसावे. पंखा मंद फिरता ठेवावा.

४. कपाट, कणगी, तांदळाची पोती भिंतीपासून वीतभर दूर आणि विटांवर ठेवावीत. अंथरूण बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, शक्य तर बाज वापरावी. ऊन पडले की गोधड्या उन्हात टाकाव्यात.

५. बुरशी कोरड्या झाडूने झाडू नये, त्याने ती घरभर उडते. नाकातोंडाला फडके बांधून, मुलांना आणि दमेकऱ्यांना बाहेर पाठवून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसावी. फडके फेकून द्यावे आणि भिंत सुकू द्यावी. ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

६. जोत्याभोवतीची माती काढून घराच्या मागे चर खणावा, पागोळ्यांचे पाणी लांब न्यावे. सरपण व शेणखत भिंतीला टेकवू नये. भेगा, स्लॅबचा उतार आणि खिडकीवरचा छज्जा ही कामे भिंती सुकल्यावर, मे महिन्यात करावीत. ओल्या भिंतीवर रंग लावू नये. भिंत सुकल्यावर चुना उत्तम, तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि खर्चही कमी. चुना डोळ्यांत उडाला तर लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टर गाठावा.

७. ओल्या भिंतीतल्या बटणाला हात लावताना मुंग्या आल्या तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावे. बटण कोरड्या लाकडाने दाबून दिवस काढू नयेत.

आणखी दोन गोष्टी. अर्धवट वाळलेले कपडे अंगावर घातले की जांघेत, कमरेला नायटा येतो. त्यावर दुकानातून कोणतीही ट्यूब आणून लावू नये. पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण नायटा पसरतो. दुसरे असे की सगळा खोकला भिंतीवर ढकलू नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, संध्याकाळचा ताप येत असेल, वजन घटत असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची लागणही बंद, दाटीच्या खोलीत लवकर होते. उघड्या खिडकीचा तिथेही उपयोग आहे. मूल श्वास घेताना बरगड्या आत ओढत असेल, बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच दवाखाना गाठावा.

पुढे काय झाले?

आजीच्या घरी त्याच आठवड्यात चिंध्या निघाल्या. कपाट पुढे आले, दोरी पडवीत गेली, पोराचे अंथरूण आतल्या भिंतीकडे सरकले. मुलाच्या बापाने दिवाळीनंतर मागचा चर खणला, उन्हाळ्यात पोपडे खरवडून भिंतीला चुना दिला. दोन्ही समोरासमोरच्या भिंतींत छताखाली जाळीचे झरोके पाडून घेतले. या सगळ्याचा खर्च आदल्या दिवाळीच्या रंगापेक्षा कमी आला.

पुढच्या पावसाळ्यात पोराला वाफेचे औषध दोनदा द्यावे लागले, पाच वेळा नाही. त्याचा दमा गेला असे मी म्हणणार नाही. मी त्याला रोज घ्यायचा पंपही सुरू केला होता. पंपाची सवय लागते ही भीती आजीच्या मनातून काढायला मला भिंतीपेक्षा जास्त वेळ लागला. फरक पंपाने किती पडला आणि खिडकीने किती, हे वेगळे काढता येणार नाही. पण पंप घेऊन त्याच बुरशीशेजारी झोपवले असते तर निम्मे औषध वाया गेले असते, एवढे नक्की.

ज्यांची घरकुले आता बांधून होत आहेत त्यांना एक विनंती. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर आहे. एवढ्या घरात पाच-सहा माणसे राहणार म्हणजे हवेची सोय आधीच हवी. गवंडी काम सुरू करण्यापूर्वीच त्याला सांगावे की खिडक्या समोरासमोर हव्यात, वर झरोके हवेत, खिडकीवर छज्जा हवा आणि जोते उंच हवे. ओलीचा दोष घरात राहणाऱ्या बाईच्या माथी मारण्याआधी बांधणाऱ्याने या चार गोष्टी केल्या का ते पाहावे.

आणि माझ्यासारख्या डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर दोन प्रश्न वाढवावेत. मूल कुठे झोपते? त्या भिंतीला हात लावून पाहिलात का? मी आता हे विचारतो. अलीकडे आजी दवाखान्यात आली ती गुडघे दुखतात म्हणून. जाताना म्हणाली, "डाक्टर, खिडकी उघडी हाय बरं का."